नवी खिडकी बसली, भोवतीची फट कशी भरायची?

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या घराच्या सागवानी खिडक्या आजोबांनी बसवलेल्या. खालची चौकट उधईनं पोखरली, पावसाळ्यात पल्ले फुगून लागेनात, म्हणून त्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. भोवतीची फट मिस्त्रीनं सिमेंटनं बुजवली. आधी आत काही भरायचं का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "सिमेट मारून देतो नं भाऊ, एवढ्याशा फटीले का होते?" मलाही ते पटलं.

एप्रिल लागला आणि खिडकीखालच्या दिवाणावर रोज सकाळी धुळीची एक सरळ रेघ दिसायला लागली. चादर झटकावी, दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथंच. काकाजींनी हात ओला केला आणि पंजाची पाठ फ्रेमच्या कडेनं हळूहळू फिरवली. एका जागी थांबून म्हणाले, "पाय, इथून येऊन राह्यली हवा." मीही हात फिरवला. बाहेर ४४ अंशांचं ऊन आणि ओल्या कातडीला बारीक, गार झुळूक. सिमेंट आणि फ्रेम यांच्यामध्ये नखही जाणार नाही एवढी सांद पडली होती, वरपासून खालपर्यंत. जुलैत त्याच सांदीतून पाणी उतरलं आणि आतला रंग पापुद्र्यांसारखा सुटला.

नंतर पाचही खिडक्यांच्या कडा उकरून मी त्या पुन्हा भरल्या. त्यात दोन चुका केल्या, त्या पुढे येतीलच. आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले, काम टिकून आहे. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला उपयोगी पडेल अशा बेतानं सगळं सांगतो.

आधी एक हिशेब करून बघा. ४ फूट बाय ४ फूट खिडकीचा घेर १६ फूट. त्याभोवती फक्त २ मिलिमीटरची सांद राहिली तरी एकूण उघडी जागा जवळपास १०० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे भिंतीला ४ इंच बाय ४ इंचाचं भोक. असं भोक समोर दिसलं असतं तर आपण त्याच दिवशी बुजवलं असतं.

सिमेंट फ्रेमला का सोडतं

सिमेंटचा माल वाळताना थोडा आकसतो, हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. उन्हात फ्रेम जेवढी वाढते तेवढी भिंत वाढत नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ४ फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी एक मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. युपीव्हीसीची, म्हणजे खिडक्यांच्या कडक प्लास्टिकची, ३ मिलिमीटरच्या वर जाते. तेवढीच विटांची भिंत अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. आणि ४० अंशांचा फरक आपल्याकडे नवलाचा नाही. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उन्हात तापलेली फ्रेम तर हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होते, हात ठेववत नाही. ही ओढाताण दर दिवशी, दर मोसमात चालते. कडक सिमेंट ती सोसत नाही, ते कड सोडून देतं.

म्हणून फ्रेमला थेट टेकणारी वस्तू लवचीक हवी. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढचं सगळं आपोआप समजतं: सिमेंट भिंतीकडे, मऊ भराव मधे आणि फ्रेमच्या कडेला ताणलं जाणारं सीलंट, म्हणजे ट्यूबमधून भरायचं, वाळल्यावर रबरासारखं होणारं लुकण.

हात लावण्याआधी भिंत तपासा

काळ्या जमिनीवरच्या घरांना हे आधी करावंच लागतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराचा पाया तिच्यासोबत हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघून वर किंवा खाली गेली असेल तर ती फटीची गोष्ट नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खूण करा, मधलं अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा. मेमध्ये एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी एकदा मोजा. अंतर बदलत असेल तर कितीही महाग सीलंट भरलं तरी फाटेल. तिथं आधी जाणकार मिस्त्री किंवा इंजिनिअर लागतो.

दुसरी तपासणी वरच्या बाजूची. जुन्या घरांत खिडकीवरच्या भिंतीचा भार पुष्कळदा लाकडी पाटांवर असतो, सिमेंटचं लिंटेल, म्हणजे वरचा आडवा तुळईसारखा पट्टा, नसतंच. चौकट काढल्यावर ते पाट उघडे पडतात. पेचकस टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं, पेचकस सहज आत गेला, तर तिथंच थांबा, खालून टेकू द्या आणि पाट बदलून घ्या. हे काम एकट्यानं करायचं नाही.

ज्यांनी अजून जुनी खिडकी काढली नाही त्यांना एक सांगणं. सागवानी चौकट ठणठणीत असेल तर ती उपटू नका. पल्ले काढा आणि नवी खिडकी जुन्या चौकटीच्या आत बसवा. जुन्या चौकटीचे कान भिंतीत खोल गाडलेले असतात. ती काढताना आजूबाजूच्या विटा निघतात आणि अर्ध्या इंचाची फट तीन इंचांची होते. आमच्या पाचपैकी दोन चौकटी वाचवता आल्या असत्या. त्या काढल्या याची मला आजही हळहळ वाटते. सागवान तसं पुन्हा मिळत नाही.

कधी करायचं

फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीनंतरचे दिवस. तेव्हा फ्रेम फार ताणलेली नसते, फार आकसलेलीही नसते. भर मेमध्ये फ्रेम फुगलेली असताना सीलंट भरलं तर हिवाळ्यात त्याच्यावर सगळा ताण येतो. पावसाळ्यात भिंत आतून ओली असते, ओल्या भिंतीला काही चिकटत नाही. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सकाळी सहा ते नऊ, तेही सावलीच्या बाजूनं.

काय काय लागेल

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात पीयू फोम, म्हणजे फटीत सोडला की फुगून घट्ट होणारा फेस, मागितला की ७५० मिलीचा डबा मिळतो. त्यातही खिडकी-दारांसाठीचा, कमी फुगणारा फोम असतो, तोच मागा. माझी पहिली चूक इथं झाली. मी साधा, जास्त फुगणारा आणला आणि फट गच्च भरली. रात्रभर तो फुगत राहिला, सकाळी फ्रेम मधोमध आत दबलेली आणि पल्ला सरकेना. सगळा फोम कापून काढावा लागला.

सीलंट घेताना न्यूट्रल सिलिकॉन घ्या. ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिमेंटच्या कडेला नीट धरत नाही. एक लक्षात असू द्या, सिलिकॉनवर रंग बसत नाही. त्यामुळे आतल्या बाजूला, जिथं रंग मारायचा आहे, तिथं ॲक्रिलिक सीलंट वापरा. ३०० मिलीच्या ट्यूबमधून ६ मिलिमीटर रुंद आणि तेवढाच खोल पट्टा साधारण ८ मीटर निघतो. एका खिडकीचा घेर ५ मीटरच्या आसपास, त्यावरून किती ट्यूब लागतील ते काढा.

याशिवाय बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी. लहान दुकानात नसली तर काच आणि ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडे मिळते. चाकू, तारेचा ब्रश, रंगाच्या कामाची चिकटपट्टी, रबरी हातमोजे, चष्मा आणि इस्त्रीवेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली. पाण्यासाठी शेतातला फवारणीचा पंप कितीही धुतलेला असला तरी घरात आणू नका.

कापूस, चिंध्या, जुनं पोतं यांनी फट भरायची पद्धत गावोगावी आहे. कापसाच्या मुलखात राहून कापूस भरू नका म्हणणं जिवावर येतं, पण तो पाणी धरून ठेवतो, उंदरांना बिळात अंथरायला आवडतो आणि ठिणगी पडली तर पेटतो. नकोच.

काम असं करा

सुरुवात उकरण्यापासून. सुटलेलं सिमेंट, भुसभुशीत माती, जुन्या लाकडाचे तुकडे सगळं काढा. लाकडाचा एक तुकडा जरी आत राहिला तरी उधईला वाट मिळते. भिंतीत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधई आजही आहे असं समजा आणि आधी तिचा बंदोबस्त करा, कारण फोम उधईला अडवत नाही. तारेच्या ब्रशनं कडा घासा. सायकलच्या पंपानं कोपऱ्यांतली धूळ उडवा. धुळीवर काहीच चिकटत नाही आणि आपल्याकडे धूळ अर्ध्या तासात पुन्हा बसते, म्हणून एका दिवशी जेवढं भरायचं तेवढंच उकरा.

मग फट मोजा, प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी. जुनी भिंत ओळंब्यात नसते. आमच्याकडे एकाच बाजूला वर अर्धा इंच आणि खाली दोन इंच निघालं. ५-६ मिलिमीटरपर्यंतची फट नुसत्या सीलंटनं भरते. त्याहून मोठी, अर्ध्या इंचापर्यंत, तिथं आत बॅकर रॉड दाबून वर सीलंट. अर्धा इंच ते दीड इंच ही फोमची जागा. त्याच्या वर गेलं की आधी विटांचे तुकडे आणि माल लावून फट लहान करायची.

माल १ घमेलं सिमेंटला ४ घमेली चाळलेली रेती असा ठेवा. विटा आधी पाण्यात बुडवून घ्या. आणि इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: फ्रेमला लागून अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी करा आणि माल त्या पट्टीपर्यंतच आणा. माल घट्ट झाला की पट्टी ओढून काढायची. फ्रेम आणि सिमेंट यांच्यामध्ये एकसारखी, सरळ खाच तयार होते. हीच खाच नंतर फोम आणि सीलंटला जागा देते. बहुतेक मिस्त्री याला नाही म्हणतात, कारण त्यांना फट ठेवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं वाटतं. आमच्या दुसऱ्या मिस्त्रीला मी स्वतः पट्टी धरून दाखवली तेव्हा त्यानं केलं. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, डाग पडले की जात नाहीत. फ्रेमवर आधीच चिकटपट्टी लावा आणि उडालेला माल लगेच ओल्या फडक्यानं पुसा. नव्या मालाला सात दिवस पाणी मारा, नंतर पूर्ण वाळू द्या.

आता फोम. खाचेच्या भिंतीकडच्या बाजूवर बाटलीनं हलकं पाणी मारा. पीयू फोम ओलाव्यानं घट्ट होतो आणि आपल्या उन्हाळी हवेत ओलावा फार कमी असतो. कोरड्यात भरला तर वरून कडक आणि आतून चिकट राहतो. डबा अर्धा मिनिट जोरात हलवा, उलटा धरा आणि खालून वर जात फट निम्मीच भरा. डोळ्याला ती रिकामी वाटेल, तरी थांबा. बाकीची तो स्वतः भरतो. फट खोल असेल तर एक थर भरा, वर पाणी मारा, तो घट्ट झाला की दुसरा. हात लावून बघायचा मोह आवरा. ओला फोम कातडीला लागला तर दिवसेंदिवस निघत नाही. तो घट्ट होण्याआधी ॲसिटोननं पुसता येतो, नंतर घासूनच काढावा लागतो.

डब्यातला वायू पेट घेतो. त्या खोलीत चूल, शेगडी, उदबत्ती, विडी काही नको, दार उघडं ठेवा. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. नळीचा डबा एकदा सुरू केला की नळीतच घट्ट होऊन बसतो, म्हणून आधी सगळ्या खिडक्या तयार करा आणि एकाच सकाळी भरा. अर्धा-पाऊण इंच रुंद फट असली तर एका डब्यात तीन-चार खिडक्या होतात.

दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला फोम धारदार चाकूनं कापा. फ्रेमच्या बरोबरीनं कापू नका, अर्धा इंच आत कापा. वर सीलंटला जागा हवी. फोम उघडा ठेवू नका. उन्हात तो पिवळा पडतो, मग तपकिरी होऊन भुगा होतो, आणि मुंग्या त्यात घर करतात. भिंतीच्या कोपऱ्यात मोठं बीळ असेल तर फोमआधी कोंबडीची जाळी ठासून बसवा, उंदीर फोम कुरतडून आरपार जातो.

एक इंच फोम उष्णता अडवण्यात साधारण वीस इंच विटांच्या भिंतीएवढा भरतो, कारण त्याच्या बारीक पेशींत हवा अडकून पडलेली असते. तरी एवढी आशा धरू नका की खोली गार होईल. ॲल्युमिनियमची फ्रेम स्वतः तापते आणि काचेतून ऊन येतच राहतं. गरम वारा, धूळ आणि पाणी मात्र थांबतं, आणि झोपायच्या खोलीत तेवढ्यानंही फार फरक पडतो.

सीलंट भरताना खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. ट्यूबचं तोंड तिरपं कापा, एका दमात वरून खाली ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं हलका दाब द्या आणि सीलंट ओलं असतानाच पट्टी काढा. पट्ट्याची खोली त्याच्या रुंदीच्या निम्मी पुरते, जास्त जाड पट्टा उलट लवकर फाटतो. सीलंट फक्त भिंत आणि फ्रेम या दोन बाजूंना धरलं पाहिजे. मागच्या बाजूलाही चिकटलं तर ते ताणलं जात नाही, म्हणूनच मागे बॅकर रॉड हवा.

खालची बाजू वेगळी

माझी दुसरी चूक. मी चारही बाजू एकसारख्या बंद केल्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. रुळांत साचलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर जातं. मी त्यांवर सीलंट फिरवलं आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रुळांतून भरून खोलीत सांडलं. ती भोकं शोधा, काडीनं साफ करा आणि तशीच मोकळी ठेवा.

खिडकीखालचा कडप्पा किंवा सिमेंटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, एका फुटाला किमान एक इंच. तिची कड भिंतीच्या दोन इंच बाहेर आणा आणि खालून बोटभर आत एक बारीक खाच पाडा. त्या खाचेत पागोळी तुटते, नाहीतर थेंब पट्टीच्या पोटाला धरून मागे येतो आणि भिंतीत शिरतो.

मातीची भिंत असेल तर

पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंट लावू नका. भिंत आपल्या परीनं ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती अडवतं आणि दोन पावसाळ्यांत ढलपी होऊन पडतं, जाताना माती घेऊन जातं. चाळलेली पांढरी माती, गव्हाचं कुटार (भुसा) आणि शेण कालवून आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. अर्ध्या इंचाच्या थरांनी लावा, पहिला थर वाळल्यावर दुसरा. सिलिकॉन मातीला धरत नाही. त्यासाठी खिडकीभोवती बाहेरून लाकडी पट्टी बसवा आणि सीलंट लाकूड आणि फ्रेम यांच्यामध्ये भरा. मातीचा लेप दरवर्षी पावसाळ्याआधी थोडा दुरुस्त करावा लागतो. माझ्या मते ती काही अडचण नाही, आपल्या आज्या ते करतच होत्या.

कूलर आणि हवा

कूलरचं वजन खिडकीच्या फ्रेमवर टाकू नका. त्याच्या थरथरीनं सीलंट सुटतं. वेगळं लोखंडी स्टँड घ्या, मधली जागा रबराच्या पट्टीनं भरा. आणि फटी बंद झाल्या की कूलरची हवा बाहेर जायची वाट समोरच्या खिडकीतून मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकट.

स्वयंपाकघरातला झरोका कधीही बंद करू नका. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणं आधीही धोक्याचं होतं, फटी भरल्यावर ते जिवावरचं आहे. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा.

तपासणी

सीलंट वाळल्यावर दोन दिवसांनी, वारा असलेल्या संध्याकाळी पंखा बंद करून फ्रेमच्या कडेनं उदबत्ती फिरवा. धूर जिथं वाकतो तिथं खूण करा. रात्री एकानं बाहेरून टॉर्च मारावा, दुसऱ्यानं अंधाऱ्या खोलीतून बघावं. मग बाहेरून वरच्या कडेला लोट्यानं पाणी सोडा, दहा मिनिटं, आणि आतला खालचा कोपरा बोटानं चाचपा. आमच्या मागच्या खोलीत डावा खालचा कोपरा ओला लागला. तिथलं सीलंट दोन्हीकडे एकेक इंच जास्त कापून काढलं, दोन दिवस वाळू दिलं, पुन्हा भरलं. मृगाच्या पहिल्या पावसात रात्री टॉर्च घेऊन गेलो, कोपरा कोरडा होता.